पिवळी रेघ

"या वयात गाडीखाली आडवं व्हायचं म्हणजे थट्टा आहे का? वहिनी, मान धरली माझी. आणि हे तेल थेट कानात चाललंय."

"कान पुसा आणि टॉर्च नीट धरा, भाऊजी."

वहिनींना सगळे शोधवाल्या बाई म्हणत. भाऊजी, त्यांचे धाकटे दीर, टॉर्च धरण्यापुरते सोबत. आज मेकॅनिकच्या बहिणीने त्यांना गॅरेजात बोलावलं होतं. परवा मेकॅनिकची बायको ही जुनी गाडी घेऊन निघाली. उतारावर तिने स्टिअरिंग फिरवलं, डावं चाक वळलंच नाही. ती अजून दवाखान्यात बेशुद्ध होती. तिचा भाऊ म्हणत होता, नवऱ्यानेच घात केला. संध्याकाळी फौजदार मेकॅनिकला न्यायला येणार होते.

चाकाला वळवणारा डावा टायरॉड निखळून लोंबत होता. त्याचा नट गायब. उजवा नट दोन आट्यांवर कसाबसा तरला होता. नट फिरू नये म्हणून आडवी घालतात ती स्प्लिट पिन तिथेही नव्हती.

"विसरला घालायला. संपलं," भाऊजी म्हणाले.

"मग ही पिवळी रेघ?"

रेघ अर्धी उजव्या नटावर, अर्धी बोल्टवर. आणि भांडलेल्या जावांसारख्या दोघी दोन दिशांना. रबरी टोपीखालून ताजी ग्रीस डोकावत होती.

बाहेर येऊन वहिनींनी मेकॅनिकला विचारलं, "रेघ कधी ओढता?"

"सगळ्यात शेवटी. पिन वाकवल्यावर."

"आणि ग्रीस?"

"टायरॉडच्या टोकाचे हे सांधे, एंड, मी गेल्या आठवड्यातच नवे बसवले. ते सीलबंद येतात. ग्रीस लागत नाही." मग तो घाईने म्हणाला, "बाई, मीच विसरलो म्हणून सांगा ना. कशाला उकरताय?"

फाटकापाशी बायकोचा भाऊ उभा होता. "आदल्याच दिवशी कडाक्याचं भांडण झालं दोघांचं. गल्लीने ऐकलं."

"कशावरून?"

"म्हाताऱ्याजवळ दिवसभर कोण थांबणार, यावरून."

मेकॅनिकचे म्हातारे वडील, एके काळचे नावाजलेले मिस्त्री, उंबऱ्यावर बसून एक वाकडी बारीक तार नखाने सरळ करत होते.

"मिस्त्री, नवा एंड बसवला की पुढे काय करायचं?"

त्यांचा चेहरा उजळला. "दोन दिवसांनी उघडायचा! टोपी उचलून ग्रीस भरायची. आमच्या वेळी हा नेमच होता." मग आत डोकावून, "सूनबाई आली का गं बाजारातून?"

बहिणीने पदर तोंडाला लावला.

वहिनी सगळ्यांकडे वळल्या. "रेघ पिन घातल्यावरच ओढली जाते. रेघ आहे, म्हणजे पिन होती. रेघ सरकली, म्हणजे नट नंतर कुणीतरी सैल केला. आणि जीव घ्यायला आलेला माणूस ग्रीस भरत नाही, भाऊजी. भरतो तो काळजी घेणारा. जुन्या नेमाचा. जुनी पिन सरळ करून परत वापरणारा. फक्त ती परत घालायची राहून गेली."

भाऊजींची नजर त्या तारेवर गेली. त्यांनी टॉर्च उगीचच विझवली.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," वहिनी मेकॅनिकला म्हणाल्या.

"जाऊ द्या ना. मी जातो आत. बाबांना काय विचारणार ते पोलीस? कसं विचारणार?"

"मलाही ठाऊक होतं," बहीण म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. घरातल्या कुणाच्या तोंडून निघेना."

बायकोच्या भावाने फाटकाची कडी घट्ट धरली.

म्हाताऱ्यांनी एकेकाचं तोंड पाहिलं. मग हातातली पिन मुलापुढे धरली.

"मीच उघडलं असेल रे. मला आता काही लक्षात राहत नाही."