द्वारकाबाईचा सराव

कळमनुरीत भीमराज सरांचा टायपिंगचा क्लास बंद पडून सात-आठ वर्षं झाली होती. बाकीची मशीनं भंगारात गेली, मराठीचं एक तेवढं घरात राहिलं. दुसरीतली नात ऐश्वर्या लिहायचं म्हटलं की रडायची. पेन्सिल धरली की अक्षरं उलटी पडायची. म्हणून एका दुपारी सरांनी मशीन पुसून तिच्यापुढं ठेवलं. लिहायचं न्हाई, म्हणाले, नुसतं खेळायचं.

पोरगी रमली. खटक... खटक... ओळीच्या शेवटी घंटी वाजली की खुदकन हसायची. महिनाभरात 'आबा', 'शाळा', 'शेळी' कागदावर उतरले. मग वहीतही सुलटे उतरू लागले. सर खूश होऊन शेजाऱ्यांना वही दाखवत फिरले.

एके दिवशी तिच्या 'शाळा'खाली तोच शब्द पुन्हा दिसला. फिकट, अडखळत, एकेका बोटानं भीत भीत दाबल्यासारखा. सरांनी विचारलं, तर मान वर न करता ती म्हणाली, "ते आजीचंय. मी शिकवून राहिले तिला."

तिच्या आजीला, द्वारकाबाईला, जाऊन तीन वर्षं झाली होती. निम्म्या तालुक्याची पोरं सरांकडं शिकली, पण बायको शेवटपर्यंत अंगठाच देत राहिली. तिनं एकदा शिकवता का म्हणून विचारलंही होतं. आता या वयात काहून, असं सर म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नात त्यांच्या मांडीवर झोपली होती, आणि आतल्या खोलीत मशीन वाजलं. एक अक्षर... मग बराच वेळ काहीच नाही... पुन्हा एक. खोबरेल तेलाचा ओळखीचा वास दारापर्यंत आला. सर जागचे उठले नाहीत.

"सावकाश..." ते दबक्या आवाजात म्हणाले. "चुकलं तर चुकू दे."

घंटी वाजल्यावर ते आत गेले. कागदावर ओळभर एकच शब्द होता: अहो अहो अहो. सर कितीतरी वेळ रडत बसले.

तेव्हापासून ते रोज दुपारी कोरा कागद लावून ठेवत. पंधरा दिवसांत द्वारकाबाईला स्वतःचं नाव जमलं. मग एकदा त्या नावाखाली पानभर नुसता 'अ' आला, जेमतेम उमटलेला.

"आता हे कोण, बाळा?"

"आजीनं आणलंय," ऐश्वर्या हळूच म्हणाली. "लई बारकं हाय. त्याला अजून नाव न्हाई."

बारशाआधीच गेलेलं आपलं पहिलं पोर आठवून सरांनी मशीनकडं पाहिलं. 'अ'चं बटण खालीच दबलेलं होतं, आणि खोलीत कुणीच नव्हतं.