गुरुवारची माळ

कुणी विश्वास ठेवला नाही. फादरनी नाही, शेजारच्या विमलबाईनं नाही आणि पोटच्या पोरानं तर नाहीच. शालनबाईनं ज्याला-त्याला सांगून पाहिलं आणि ज्यानं-त्यानं तिला औषध सुचवलं. कुणी कानाचं, कुणी झोपेचं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दिवसभर ताटं घासून आलेल्या बाईला घरी येऊन भुतं रचायची हौस नसते. तिला फक्त पाठ टेकायची असते. पण एवढंही कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

सुरुवात झाली मृतांच्या दिवसापासून. दोन नोव्हेंबरला कॅथलिक माणूस कुठंही असला तरी आपल्या माणसांच्या कबरीवर जातो. शालनबाईही कुरुळीहून बसनं दफनभूमीत गेली, मांडीवर झेंडूची पिशवी आणि मेणबत्त्यांचा पुडा घेऊन. लोकांनी कबरींना चुना मारला होता, फरशा पुसल्या होत्या. लुकसची कबर अजून नुसती मातीची. तिनं गवत उपटलं, कललेला लाकडी क्रूस दगडानं ठोकून सरळ केला, फुलं मांडली. फादर ओळीनं पवित्र पाणी शिंपडत आले. बाकीच्या कबरींवर थेंब चमकत राहिले. लुकसच्या मातीनं पाणी पडल्या पडल्या पिऊन टाकलं, तहानलेला माणूस पितो तसं.

लुकस तिचा धाकटा. नवनाथ ठेकेदाराकडून कामाला लागलेला, थोरला प्रीतम ज्या लाइनचा लीडर होता त्याच लाइनवर. तिथल्या पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत सापडायची भीती नाही. पण एका बटणात लाकडाची खपली ठोकून ठेवली की एक हात मोकळा राहतो आणि माल भराभर निघतो. उन्हाळ्यात एका दुपारी अडकलेला पत्रा काढायला लुकस आत वाकला आणि प्रेस खाली आला. खपली त्यानंच ठोकली होती, असं कंपनी म्हणाली. सुपरवायझर हिंदुराव तेच म्हणाला. शालनबाई नवनाथच्या दारात जाऊन बोटं मोडून आली, हिंदुरावला गेटवर गाठून चार माणसांत त्याची लाज काढली. तरी तिच्या जिवाला खरी टोचणी दुसरीच होती. पोरगा पापकबुली न देता गेला. मरताना कपाळाला फादरचं तेल लागलं नाही. स्वर्गात जाण्याआधी जीव पापं झडेपर्यंत जिथं थांबतात त्या शुद्धिस्थानात तो अडकला असेल, तर त्याला तिथून काढणार कोण?

"महिनाभर माळ म्हणा," फादर त्या दिवशी कबरीपाशी म्हणाले होते. "संत योसेफाला साकडं घाला. तिथल्या जिवांना आपल्या प्रार्थनेचाच आधार असतो."

माळ एकट्यानं म्हणायची गोष्ट नाही. एकानं पुढची अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी मागची अर्धी. नमो मरिये कृपापूर्णे, हे पुढचं. पवित्र मरिये, देवाच्या माते, हे उत्तर. पोरं लहान होती तेव्हापासून पुढचं शालनबाईचं आणि उत्तर पोरांचं. आता लुकस नाही, प्रीतम शिफ्टला. ती एकटीच दोन्ही बाजू म्हणायची आणि तिची जीभ दमून जायची.

गुरुवारी या भागात कंपन्यांना सुट्टी. लाइटही जाते ती संध्याकाळपर्यंत. सहा दिवस खोलीचा पत्रा बारीक थरथरत असतो, कंप्रेसरची घरघर भिंतीत मुरलेली असते. माणसाला ती ऐकूही येत नाही. गुरुवारी ती थांबते, आणि मग कळतं की इतके दिवस आपण कशाच्या तरी आड बसलो होतो.

त्या पहिल्या गुरुवारी प्रीतम बाजारात गेला होता, शालनबाई दिवेलागणीला एकटीच माळ घेऊन बसली. संत योसेफाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती, बाजूला लुकसचा फोटो. अंग ठेचल्यासारखं दुखत होतं. मणी सरकत होते, डोळे मिटत होते. मध्येच तिचा डोळा लागला. जागी झाली ती प्रार्थनेच्या आवाजानं.

"...आम्हां पाप्यांसाठी, आता व आमच्या मरणाच्या वेळी, विनंती कर. आमेन."

तिचं तोंड बंद होतं. आवाज खाटेच्या आणि पत्र्याच्या मधल्या सांदीतून आला होता. बारीक, घसा बसलेला, डबल ड्यूटी करून आलेल्या माणसाचा. त्याच्याबरोबर वास आला, मशीनच्या तेलाचा आणि हात धुवायच्या त्या खरखरीत पावडरीचा.

ती उठून पळाली नाही. पळायला पायांत बळ लागतं. तिनं पुढचा मणी धरला आणि हळूच म्हणाली, "नमो मरिये, कृपापूर्णे..." सांदीतून उत्तर आलं. पुढच्या मण्याला पुन्हा आलं. मग दहा मण्यांनंतरची 'आमच्या बापा' ही प्रार्थना आली. तिनं आपली अर्धी म्हटली. आवाजानं उत्तर सुरू केलं. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे, आणि जशी आम्ही..."

तिथंच तो थांबला. पुढं शब्द होते, आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला क्षमा कर. ते आलेच नाहीत. प्रत्येक वेळी आवाज तिथंच अडला, दम लागल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी तिनं विमलबाईला सांगितलं. विमलबाई घरमालकीण, कुरुळीतलं जुनं घराणं, तोंडाची फटकळ.

"आगं, त्या कंपनीनं तुझं कान गेल्यात. कोमट त्याल घाल," विमलबाई म्हणाली. "आन् भूत आसतं तर तुझ्या तोंडाला भिऊन आलंच नसतं."

"भूत न्हाई ते. माझा पोरगा हाय."

विमलबाईनं ते मानलं नाही. फादर फोनवर म्हणाले, प्रार्थना चालू ठेवा, आवाजाकडं लक्ष देऊ नका. प्रीतम मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "बीपीची गोळी घेतली का?"

"घेतली. तू येत्या गुरुवारी माझ्याबरोबर बस."

"आई, गुरुवारीच तर झोप मिळते."

"झोपतोस कुठं? रात्रभर कूस बदलत असतोस. मला ऐकू येतं."

पुढच्या गुरुवारी तिनं त्याला बसवलंच. लाइट आल्या आल्या लाइन चालू करायची म्हणून त्याला लवकर बोलावलं होतं. तो युनिफॉर्म घालूनच बसला. बाहेर अंधारून आलं होतं. ती पुढचं म्हणायची, तो उत्तर पुटपुटायचा, जांभया देत. थोड्या वेळानं त्याच्या पुटपुटण्याखाली आणखी एक आवाज चालू लागला. प्रीतम थांबला. तो आवाज थांबला नाही. प्रीतमनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ मिटलेले होते.

"मोबाईल आहे का कुणाचा?" तो कुजबुजला.

"तुझा खिशात हाय. बघ."

त्यानं पाहिलं नाही. दहा मणी संपले. शालनबाईनं 'आमच्या बापा'ची आपली अर्धी म्हटली. सांदीतून उत्तर आलं, "...आणि जशी आम्ही..." आणि शांतता.

"हितंच अडतो," ती म्हणाली. "कुणालातरी माफ करायचं राहिलंय त्याचं. तोवर त्याची सुटका न्हाई." मग ती सांदीकडं वळली. जेवायला बोलवावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "लुकस, बाळा. नवनाथला म्हण."

मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती. आवाज आला, "जशी आम्ही नवनाथला क्षमा करतो, तशी तू आम्हाला क्षमा कर."

शालनबाईला हे अपेक्षित नव्हतं. ज्याच्या नावानं तिनं एवढी बोटं मोडली, त्याला पोरगा सहज सोडून मोकळा झाला होता. तिनं पुन्हा प्रार्थना धरली. "हिंदुरावला म्हण."

"जशी आम्ही हिंदुरावला क्षमा करतो..."

तेही पूर्ण झालं. शालनबाईकडची नावं संपली. तिनं नुसतीच प्रार्थना म्हणून पाहिली, तर आवाज पुन्हा 'जशी आम्ही'वर अडला.

"आता बास," प्रीतम उठला. दाराशी जाऊन बुटात पाय घालू लागला. "आणखी कुणाचं नाव घेऊ नको."

"कुणाचं घेऊ? राहिलंय कोण?"

तो खाली वाकला. त्याला नाडी बांधता येईना. शालनबाई त्याच्या बोटांकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "खपली कुणी ठोकली व्हती?"

"मीच. टार्गेट असतं, आई... सगळ्या लाइनवर लावतात. त्याला म्हटलं होतं, आत वाकू नको..."

"आन् पोलिसांना का न्हाई सांगितलंस?"

"नोकरी गेली असती. मग तुला कुठं ठेवलं असतं?"

ती ओरडली नाही. लोकांवर ओरडून ओरडून तिचा घसा केव्हाच रिकामा झाला होता. एक पोरगा सांदीत अडकलेला, एक दारात उभा, आणि दोघांच्या मध्ये ती, हातात माळ. एकाला सोडवायचं तर दुसऱ्याचं नाव तोंडानं घ्यायला हवं होतं. तिनं प्रार्थना पहिल्यापासून म्हटली, एकेक शब्द उचलत. शेवटी म्हणाली, "लुकस... प्रीतमला म्हण."

काही नाही.

"भाऊ हाय तुझा. म्हण, बाळा..."

तेलाचा वास दाट झाला. प्रीतम दाराच्या चौकटीला धरून उभा होता, लहानपणी मार खायच्या आधी उभा राहायचा तसा. सांदीत कुणीतरी श्वास घेतल्यासारखं झालं. शब्द आला नाही.

रस्त्यावर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला.

"आज जाऊ नको," शालनबाई म्हणाली.

"हजेरी लागायला हवी, आई." तो निघाला. त्याच्या बुटांचा आवाज बोळातून गेला, बसचं दार आपटलं. तेवढ्यात लाइट आली. बल्ब लागला, पलीकडच्या शेडमधला कंप्रेसर घरघरला आणि पत्रा थरथरू लागला. आता काही ऐकू येणार नव्हतं. तिनं माळ आवरती घेतली. शेवटची मृतांसाठीची प्रार्थना तेवढी राहिली होती. हे प्रभो, याला चिरशांती दे. त्यात पुढं म्हणणाऱ्यानं मेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. इतके दिवस ती लुकसचं घेत आली होती.

तिनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी आवाज सुरू झाला. मशीनच्या घरघरीवरून, स्पष्ट. आजवर तो फक्त उत्तर द्यायचा. या वेळी त्यानं पुढचं धरलं होतं.

"हे प्रभो, चिरशांती दे..." आवाज म्हणाला. थोडा थांबला. जिथं त्याचं स्वतःचं नाव यायचं, तिथं त्यानं सावकाश, दमलेल्या गळ्यानं दुसरं नाव घेतलं.

प्रीतम.