एक पळी मेण

बकुळा धडधाकट आहे असं धरून चालण्यात थेरेसाचा फायदा किती होता, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. दोनशे हात, दीडशे पाय, सत्तर जोड डोळे, चाळीस तान्ही बाळं आणि पंचवीस घरं. सगळं मेणाचं, आणि सगळं सप्टेंबरातल्या जत्रेच्या आत. वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा कुणासाठी थांबत नाही. आणि जिच्या पळीतून मेणाचा थेंबसुद्धा बाहेर सांडत नाही अशी बाई अख्ख्या गिरगावात एकच होती.

फणसवाडीच्या मागच्या गल्लीत थेरेसाचं तळमजल्याचं घर, तेच दुकान. नवरा मॉरिस गेला तो आपल्या आईचे प्लास्टरचे साचे मागे ठेवून. ज्याचं जे दुखतं ते मेणाचं करून वांद्र्याच्या चर्चात मावलीपुढे ठेवायचं, असा नवस. किरिस्तांव ठेवतात, हिंदू ठेवतात, पारशीसुद्धा गुपचूप ठेवून जातात. तीस वर्षं हे अवयव विकून थेरेसाला माणसं उलगडता येऊ लागली होती. मेणाचं घर मागणाऱ्याला बहुधा घर नको असे, भाऊ घरातून जायला हवा असे. हृदय मागायला येत ते कॉलेजातले पोरगे. त्यांचं दुखणं समोरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत असे.

एका साच्याला मात्र गिऱ्हाईक कमी. तो छातीचा साचा. ज्या बाईला तो हवा ती इतर बायका जाईपर्यंत दाराशी उभी राहायची आणि मग भिंतीकडे बघत म्हणायची, "ते... बायकांचं द्या." थेरेसा काही न विचारता वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची. वर्षाला पाच-सहा जायचे, बस्स.

साल छप्पन्न. आषाढ लागलेला. बकुळाचा नवरा दत्ताराम छापखान्यात खिळे जुळवायचा. मुंबईसह महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून तो तुरुंगात जाऊन बसला होता. घरी बकुळा आणि नऊ वर्षांची मुलगी सुमेधा. म्हणून त्या वर्षी बकुळा सकाळी आठालाच थेरेसाच्या शेगडीशी हजर असायची.

एके दिवशी तिनं छातीचे चार नग ओतले. थेरेसानं परातीतल्या पाण्यातून एक उचलला, अंगठा फिरवला आणि थांबली. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, काखेकडे एक कणी. मुगाएवढी.

"साच्यात खडा गेला गो."

साचा उघडला, पुसला. आत बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत. खोबरेल लावून थेरेसानं स्वतः ओतला. नग स्वच्छ निघाला. पुन्हा बकुळानं ओतला. तिथंच कणी.

"माझा हातच बिघडला वाटतं, मावशी," बकुळा हसली. हसता हसता तिचा उजवा हात आपसूक पदराखाली गेला आणि चटका बसल्यासारखा बाहेर आला.

थेरेसाच्या नजरेतून मुंगी सुटत नसे, हा तर हात.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मला शेंडी नको लावूस."

बकुळानं पळी खाली ठेवली. "नहाताना लागली हाताला. महिना झाला असंल. दुखत नाही हो काही! दुखलं की बघू."

रविवारी चर्चातली मिस्सा आटोपून थेरेसाची भाची ॲन्टोनेट नाश्त्याला आली. ती परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात नर्स. थेरेसानं पावाला लोणी लावता लावता सहज विचारल्यासारखं विचारलं, की एखाद्या बाईला गाठ लागली, दुखत नसली, तर?

"दुखत नाही म्हणूनच दाखवायची, आंटी. दुखणारी गाठ माणसाला ओढून आमच्याकडे आणते. न दुखणारी घरी बसवते." ॲन्टोनेटनं कप खाली ठेवला. "सगळ्याच काही वाईट नसतात. पण ते बघितल्यावर कळतं. कोण आहे? उद्याच पाठव."

"आहे एक गिऱ्हाईक," थेरेसा म्हणाली.

खोटं बोलायला तिला श्वासभरही वेळ लागला नाही. परळला एकदा गेलं की तपासणी, मग ठेवून घेणार, मग कापाकापी. जत्रेला आठ आठवडे. आठ आठवडे म्हणजे काय आणि किती!

"जत्रा झाली की मी स्वतः तुला नेते," तिनं बकुळाला सांगितलं.

बकुळाचा चेहरा निवळला. "आधी ह्यांना तर सुटून येऊ दे. घरात पुरुषमाणूस नाही आणि मी असल्या ठिकाणी डॉक्टरला हात लावू द्यायचा? वाडीतल्या बायका जिभा परजून बसल्याच आहेत."

अशी दोघींनी एकमेकींना सवलत दिली. दोघींनाही ती परवडणारी वाटली.

वाया गेलेले नग थेरेसा परत पातेल्यात टाकायची. मेण वितळायचं. कणी वितळायची नाही. तळाशी पळी फिरवली की टक् करून लागायची. तिनं ती चिमट्यानं काढून थेट निखाऱ्यावर ठेवली. पेटली नाही, पाझरली नाही. नखानं दाबली तर मात्र नख उमटायचं, म्हणजे मेणच. थेरेसा देवभोळी नव्हती. देवाच्या मालाचा धंदा करणारी माणसं सहसा नसतात. स्वस्त मेणात कचरा येतो, असं तिनं ठरवलं आणि कणी बिस्किटाच्या डब्यात टाकली.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्याएवढी निघाली. श्रावणात वाटाण्याएवढी.

मग तिनं तो साचाच उचलून पलंगाखाली सारला. बकुळानं विचारलं नाही. हात ओतले, पाय ओतले, डोळे ओतले. सगळं गुळगुळीत. थेरेसाचा जीव भांड्यात पडला.

गणपती बसायच्या दोन दिवस आधी बकुळा बाळं ओतत होती. चाळीसातली शेवटची सहा. थेरेसानं एक बाळ पाण्यातून काढून फडक्यावर निजवलं.

बाळाच्या डाव्या काखेत सुपारीएवढी गाठ होती.

तिनं दुसरं उचललं. दुसऱ्याला एक गाठ होती आणि शेजारी लहान दोन.

"काय झालं, मावशी?"

"काय नाय. बुडबुडा."

जत्रेला चार दिवस उरले होते. चार.

थेरेसानं सहाही बाळं फडक्यात गुंडाळली आणि बकुळाला म्हणाली, "चल, आता पाय बांधून घेऊ."

जत्रा झकास झाली. शेवटचा पायसुद्धा खपला. दुसऱ्या सोमवारी थेरेसा दिल्या शब्दाप्रमाणे ट्रामला पैसे घेऊन फणसवाडीत तिच्या दारी हजर झाली, तर आता बकुळाच अडून बसली. हे दिवाळीत सुटतायत, मग जाऊ. थेरेसानं पहिल्यांदा आवाज चढवला, हात धरून ओढलं, मावलीची शपथ घातली. पण वसूल करायला निघालं की कळतं, सवलत दिलेली परत घेता येत नाही.

नोव्हेंबरात परळ. बाहेर बाकावर दत्ताराम, तुरुंगातून वाळून आलेला, टोपी हातात घेऊन. आत पडद्यामागे बकुळा, ॲन्टोनेट, आणि बकुळानं हात सोडला नाही म्हणून थेरेसा.

डॉक्टरांनी गाठ बघितली. मग काख बघितली. काखेपाशी त्यांचा हात बराच वेळ राहिला.

"केव्हा लक्षात आलं तुमच्या?"

बकुळानं मान वळवून थेरेसाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर थेरेसाला पुढे झोप लागली असती.

"आत्ताच. दिवाळीत," बकुळा म्हणाली. "अभ्यंगाच्या वेळी."

ॲन्टोनेटनं आपल्या आंटीकडे एकदाच पाहिलं. त्यानंतर ती रविवारी नाश्त्याला आली नाही.

ऑपरेशन झालं. वैशाखात बकुळा गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी थेरेसा बिस्किटाचा डबा घेऊन चौपाटीवर गेली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिनं डबा उलटा केला. मेण पाण्यावर तरंगतं. त्या गाठी बुडाल्या.

त्या वर्षीपासून थेरेसाच्या दुकानात एक विचित्र नेम सुरू झाला. कोणतीही बाई काहीही घ्यायला येवो, पाय, डोळे, घर, तिनं आधी आपल्या हातानं एक पळी मेण ओतायचं. पलंगाखालच्या साच्यात. "मावलीला बाईच्या हातचं लागतं," थेरेसा सांगायची. बायका हसायच्या, "म्हातारी भ्रमली," म्हणायच्या आणि ओतायच्या. नग गुळगुळीत निघाला तर थेरेसा मुकाट माल बांधून द्यायची. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती त्या बाईच्या दारात उभी. नवऱ्याशी भांडायची, सासूला शिव्या घालायची, पोरं शेजारणीकडे टाकायची, आणि पहिल्या ट्रामनं परळ. ॲन्टोनेट तिच्याशी बोलत नसे. पेशंटचा केसपेपर मात्र हातातून घेत असे.

तीन वर्षांत अशा चौघी परळला गेल्या. चौघीही वेळेत पोचल्या. त्यातली राधा फणसवाडीतच राहते. रोज पहाटे नळावर सुनेवर असं काही तोंड सोडते की गल्ली जागी होते. तो कलकलाट ऐकल्याशिवाय थेरेसा अंथरुणातून उठत नाही.

साठच्या मे महिन्यात वाडीवर रोषणाई झाली. दत्ताराम पेढे घेऊन आला. "घ्या मावशी. मिळाली मुंबई." मागे सुमेधा उभी, तेरा वर्षांची. अंगात आईचं पोलकं, दोन्ही बाजूंनी आत घेतलेलं.

थेरेसानं पेढा घेतला. ती दोघं गेल्यावर दार लावून बसली आणि हिशेब मांडला. दत्तारामला मुंबई मिळाली. चौघींना आपापली वर्षं मिळाली. तिला स्वतःला छप्पन्नची जत्रा मिळाली, शेवटच्या पायापर्यंत. आणि भरलं ते बकुळानं. अजून भरते आहे ती सुमेधा, आणि तिला ते माहीतही नाही.

आपल्या वाटणीचं भरावं म्हणून थेरेसा दर वैशाखात, बकुळाच्या तिथीला, शेगडी पेटवते. साचा पुसते, खोबरेल लावते, दोरीनं आवळून बांधते आणि स्वतःच्या हातानं एक पळी ओतते. पाण्यात ठेवते. निवला की सोडते.

पहिल्या वर्षी तिला वाटलं, दोरी सैल राहिली असेल. आता तसं वाटत नाही.

आत काहीच नसतं. गाठ नाही, छाती नाही, मेणाचा ओघळसुद्धा नाही. साचा कोरडा. परातीतलं पाणी स्वच्छ. तिचं भरणं जमाच होत नाही.

पातेल्यात मात्र बरोबर एक पळी मेण कमी असतं.