तिसऱ्या भिंतीपाशी

डेस्मंड हार्टली शनिवारी दुपारी 'लेम फॉक्स' पबात परतला, तेव्हा त्याने आधी दारात बसून चिखलाचे बूट काढले, मोजे झटकले आणि मग बायको वर टेकडीवर मरून पडल्याचं सांगितलं.

पबची मालकीण ईनिड हे सार्जंट नेस्टा बर्टव्हिसलला सांगताना अजून चरफडत होती. "बूट बाहेर काढा म्हणून मीच सगळ्यांच्या मानगुटीवर बसते, खरंय. पण अगं, बायको मेल्यावर?"

"सवय असते एकेकाला," नेस्टा म्हणाली आणि आत गेली.

हार्टली शेकोटीपाशी पाय पसरून बसला होता. कोपऱ्यात त्याच्या बायकोची भाची टॅम्झिन सुजलेला घोटा स्टुलावर ठेवून हुंदके देत होती. आदल्या संध्याकाळी ती पबच्याच गोठलेल्या पायरीवरून घसरली, म्हणून आज नवरा-बायको दोघंच फिरायला गेले होते. टेकडी चढायची, पलीकडच्या खोऱ्यातल्या पबात जेवायचं आणि बसने परत यायचं, असा बेत होता.

ग्लेनिस हार्टलीचं हृदय कमजोर होतं. छातीत कळ आली की जिभेखाली एक गोळी धरायची आणि बसून राहायचं, एवढं पथ्य पाळलं की तिचं बरं चालायचं. बॅग सकाळी टॅम्झिनने भरली होती. ती बॅग प्रेताशेजारी मिळाली. त्यात सँडविच होतं, थर्मास होता, मफलर होता. गोळ्यांची बाटली तेवढी नव्हती.

"मी ठेवली होती," टॅम्झिन म्हणाली. "म्हणजे... ठेवली होती असं वाटतंय. काका म्हणतात, मी विसरले."

"तुला कुणी बोलतंय का, बाळ?" हार्टली मऊ आवाजात म्हणाला. "माणूस आहे, विसरतं. मी तुला माफ केलंय."

पोरगी आणखीच रडायला लागली. हे असलं सांत्वन ऐकलं की माझं तर डोकंच फिरतं. नेस्टाने मात्र शांतपणे खुर्ची ओढली.

"बॅग कुणाच्या खांद्यावर होती?"

"तिच्या. मी म्हटलं, दे इकडे. पण ऐकेल तर ना!"

"तुमच्याजवळ काय होतं?"

"काठी. आणि खिशात व्हिस्कीची चपटी. थर्माससारखी धुडं मी वागवत नाही."

"बरोबर चालत होतात?"

"तिच्याबरोबर? गोगलगायीशी लग्न केलं होतं मी, बाई. मी पुढे जायचो, भिंतीपाशी थांबायचो. ती आली की निघायचो. तिसऱ्या भिंतीपाशी थांबून थांबून कंटाळलो. आलीच नाही, म्हणून मागे फिरलो. वाटेत पडली होती. मग तडक खाली."

"बॅगेला हात लावलात?"

"कशाला लावू?"

नेस्टाने बॅग उलटीपालटी करून पाहिली. बाहेरच्या पट्ट्याला चहाचा एक जुना पत्र्याचा मग लटकत होता, त्याच्या काठाला एका बाजूने चांगलाच पोचा आला होता.

रात्री टेकडीवर नवं बर्फ पडलं नाही, आधीचं नुसतंच कडक गोठलं. रविवारी उजाडल्यावर नेस्टा एकटीच वर निघाली. मेंढ्यांची कुरणं वेगळी करणाऱ्या दगडी भिंती त्या वाटेवर तीन आहेत. प्रत्येक भिंतीला ओलांडायला दगडी पायऱ्या आहेत. कालचं सगळं बर्फावर जसंच्या तसं होतं.

पहिल्या भिंतीपाशी मोठ्या बुटांनी बर्फ तुडवून तुडवून चिखल केला होता. छोट्या बुटांचे ठसे मात्र आले, पायऱ्या चढले आणि न थांबता पुढे गेले. दुसऱ्या भिंतीपाशी तेच. फक्त छोटी पावलं आता जवळजवळ पडत होती आणि भिंतीवरच्या बर्फात हातांचे पंजे रुतल्याच्या खुणा होत्या.

आमच्याकडच्या फिरस्त्यांची ही जुनी खोड आहे. पुढचे लोक थांबतात, दम खातात, आणि मागचा धापा टाकत पोचला की "चला" म्हणून उठतात. ज्याला विश्रांती हवी असते, नेमकी त्यालाच ती मिळत नाही. हा अडाणीपणा मी शंभर वेळा पाहिलाय, आणि दरवेळी लोक त्याला सोबत म्हणतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भिंतीच्या मध्ये ग्लेनिसचे ठसे संपले. प्रेत न्यायला शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बाजूच्या फाटकातून आला होता आणि तिथूनच परतला होता. त्या जागेच्या वर दुसरं कुणीही गेलेलं नव्हतं. वर जाणारे आणि परत येणारे मोठे बूट, एवढंच.

तिसऱ्या भिंतीपाशी नेस्टा बराच वेळ उकिडवी बसून राहिली. तिथल्या खालच्या पायरीवरच्या बर्फात एक गोल वळं उमटलं होतं. एका बाजूला ते चपटं होतं. मग तिने भिंतीपलीकडे पाहिलं. कोऱ्या बर्फात, कुणाचं पाऊलही नसलेल्या जागी, एक छोटंसं भोक होतं. तिने तिथे जाऊन आत हात घातला, सापडलं ते पिशवीत टाकलं आणि खाली आली.

पबात रविवारचं मटण ओव्हनमध्ये होतं. नेस्टाने तिघांना शेकोटीपाशी बसवलं आणि चेपलेला मग टेबलावर ठेवला.

"मिस्टर हार्टली, हा मग तुमच्या बायकोच्या बॅगेला होता. बॅग तिच्या खांद्यावर होती, असं तुम्ही म्हणालात. ती तिसऱ्या भिंतीपर्यंत पोचलीच नाही, असंही म्हणालात. तिचे ठसेही तेच सांगतात. मग या मगाचा काठ तिसऱ्या भिंतीच्या पायरीवर कसा उमटला?"

हार्टलीने पसरलेले पाय जवळ घेतले.

"बॅग पहिल्यापासून तुमच्याकडे होती. तिसऱ्या भिंतीपाशी ती खाली टेकवलीत आणि वाट पाहिलीत. ती येणार नाही अशी खात्री झाल्यावर बॅगेतली एक वस्तू काढून भिंतीपलीकडे भिरकावलीत. मग खाली येऊन बॅग प्रेताशेजारी ठेवलीत, म्हणजे दोष ती भरणाऱ्या पोरीवर जावा." तिने पिशवी पालथी केली. गोळ्यांची काचेची बाटली टेबलावर गडगडली. "तू विसरली नव्हतीस, टॅम्झिन."

टॅम्झिन बाटलीकडे पाहतच राहिली. "काका?"

"काका-बिका म्हणू नकोस त्याला," ईनिड ओरडली.

"पण का?" नेस्टाने विचारलं.

हार्टलीने खांदे उडवले. "लग्न झाल्यापासून मी तिची वाट बघत उभा आहे. दारात, स्टेशनवर, टेकडीवर. कंटाळलो. आणि मी तिला बोटही लावलेलं नाही. मी नुसता चाललो."

"गोळ्या घेऊन चाललात. तेवढं पुरे आहे. उठा."

तो उठला आणि सरळ दाराकडे जाऊन बुटांत पाय घालू लागला. तेवढ्यात टॅम्झिनने रडत रडत विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"मावशी थांबली का नाही? पथ्य ठाऊक होतं तिला. कळ आल्यावर बसली का नाही ती?"

नेस्टाला उत्तर डोंगरावरच कळलं होतं. ते तिला पोरीपाशी बोलायचं नव्हतं. हार्टलीला तसली अडचण नव्हती.

"पहिल्या भिंतीपाशीच मागितली होती तिने गोळी," तो नाडी आवळत म्हणाला. "म्हटलं, पुढच्या भिंतीपाशी देतो. तिथे पोचली, तर म्हटलं, अजून एक. बसून कसं चालेल तिला? गोळ्या पुढे चालल्या होत्या ना."

टॅम्झिनचं रडणं एकदम थांबलं. विसरल्याचं ओझं तिच्या डोक्यावरून उतरलं होतं, आणि त्याच्या जागी हे आलं होतं. हे आता जन्मभर उतरायचं नाही, हे तिथे सगळ्यांनाच कळलं.

नेस्टाने हार्टलीच्या हातात बेड्या घातल्या आणि त्याला गाडीकडे नेलं. दुखऱ्या पायामुळे टॅम्झिनला उठता आलं नाही, म्हणून ईनिडच तिच्याजवळ येऊन बसली.