मोडनिंबचा लाल सिग्नल

निंगप्पाला ही गोष्ट सांगायला बसवलं की तो आधी चिडतो. "तुमाला कामधंदा न्हाय व्हय? ऐकायचं, घाबरायचं आन् घरी जाऊन झोपायचं. ज्याच्यावर बेतलं त्यालाच सारखं उकरताय!" मग पाणी पितो, दिवा जवळ ओढायला लावतो आणि आवाज खाली आणून सांगतोच.

त्याची नात अक्षता कॉम्प्युटरवर आगगाड्या चालवते. खेळच तो. पण खेळासाठी कुणी नवीन डिझेल इंजीन बनवलं की ते आधी चालवून बघायचं आणि बरंवाईट लोकांना सांगायचं, हे तिचं काम. या उन्हाळ्यात आलेलं इंजीन तिनं आजोबाला दाखवलं. असल्याच इंजिनात ड्रायव्हरचा असिस्टंट म्हणून त्यानं कितीतरी वर्षं काढलेली.

"अज्जा, खरं वाटतंय का?"

"हार्न बरा हाय. पण उभ्या उभ्या धापा टाकतंय बघ, दमेकऱ्यावानी. आन् सीट हालत न्हाय. ढुंगण हाललं न्हाय तर इंजीन कसलं गं?"

"नातीसमोर जिभेला हाड असू द्या जरा!" काशम्मा आतून ओरडली. ती निंगप्पाची बायको.

अक्षता हसली. "मोठी खोट वेगळीच आहे. आपोआप चालायला लावलं की लाल सिग्नललाही थांबत नाही. सकाळपासून बघतेय, थेट घुसतं."

निंगप्पानं पडद्यावरची नजर काढून घेतली. लाल सिग्नलचा विषय त्याच्यापुढं कुणी काढत नसे.

रेल्वेत रीत असते. सिग्नल दिसला की असिस्टंटनं रंग मोठ्यानं म्हणायचा आणि ड्रायव्हरनं तोच परत म्हणायचा. निंगप्पाचा ड्रायव्हर होता चन्नवीर, अक्कलकोटकडचा. गालात कायम लवंग. रंग म्हणून झाला की पुढं कानडीत 'आय्तु' जोडायचा, म्हणजे झालं, कळलं. एका दुपारी मोडनिंब स्टेशनच्या अलीकडं त्यांची मालगाडी लाल सिग्नल ओलांडून गेली. कुणाला खरचटलं नाही. पण चौकशीत चन्नवीर बोलला, "ह्यानं आवाजच दिला नाही."

निंगप्पानं दिला होता. घसा फोडून दिला होता. पण ऐकायला तिसरा कोण? चन्नवीर थोडक्यात सुटला. निंगप्पाला इंजिनावरून उतरवून शेडमध्ये इंजिनं पुसायला लावलं. तिथली पोरं त्याला 'मुका' म्हणायची. पुढं चन्नवीर मेला, पण बोललेलं मागं घेतलं नाही. काशम्मा तेवढी म्हणत राहिली, "तुमी वरडलाच असणार. तुमी गप बसाल व्हय?"

खेळात घालायला अज्जाचा आवाज रेकॉर्ड करायचा म्हणून अक्षता माईकची वायर आणायला बाजारात, नवी पेठेत गेली. जाताना मोडनिंबची लाईन लावून, गाडी आपोआप चालती ठेवून गेली. पडद्यावर असिस्टंटच्या सीटवरून दिसतं तसं दिसत होतं. पलीकडं ड्रायव्हरची सीट रिकामी.

भर दुपार. उन्हाच्या भीतीनं खिडक्या लावलेल्या, गल्लीत चिटपाखरू नाही. काशम्मा आत झोपलेली. खोलीत नुसती इंजिनाची घरघर. ऐकता ऐकता ती घरघर खुर्चीत उतरली. आधी पाय थरथरले, मग बूड. निंगप्पाला वाटलं, वय झालं. मग वास आला... तापलेल्या तेलाचा. आणि त्याच्याआडून लवंगेचा.

हिरवा सिग्नल आला. सवयीनं तोंडातून निघालंच, "हिरवा."

कुणी बोललं नाही.

"पिवळा."

डाव्या बाजूला कुणीतरी घसा साफ केला. निंगप्पानं मान वळवली नाही. वळवायची हिंमत नव्हती. पुढं वळणावर मोडनिंबचा लाल दिसला, आणि गाडी वेग कमी करेना.

"लाल!... लाल हाय! लाल!"

"लाल..." कानाजवळ कुणीतरी हळूच म्हटलं. "आय्तु."

पडद्यावर ब्रेकचा दांडा सावकाश वळला. हवा सुस्कारली. सिग्नलच्या अलीकडं गाडी थांबली आणि खुर्चीही.

अक्षता आली तेव्हा तो हात जोडून बसला होता. डोळ्यांतून पाणी.

"अज्जा, तू थांबवलीस?"

"मी हात लावला न्हाय."

तिनं पुन्हा चालवून बघितली. गाडी लालमधून थेट गेली. पुन्हा चालवली, पुन्हा गेली. मग निंगप्पा खुर्चीत बसून ओरडला, तशी थांबली. माईकची वायर अजून पाकिटातच होती.

"आवाज आला का गं तुला?"

"नाही," अक्षता म्हणाली. तिच्या हातावर काटा उभा राहिला होता.

काशम्मा दारात येऊन उभी राहिली होती. "आवाज न्हाय आला... पन लवंगेचा वास येतोय की वो."

निंगप्पा आता रोज दुपारी बसतो. आधी नमस्कार करतो. नातीला, बायकोला, ते इंजीन बनवणाऱ्या अनोळखी माणसाला आणि त्या रिकाम्या सीटलाही. आपण मुके नव्हतो हे सांगायला मेलेला माणूस इतक्या लांब आला, याचं त्याला फार वाटतं. मग तो रंग म्हणतो, गाडी थांबते.

सिग्नल हिरवा होतो. गाडी मात्र हलत नाही. शेजारी कुणीतरी सावकाश लवंग चावत बसून राहतं... काहीतरी बोलायचं राहिल्यासारखं. निंगप्पा वाट बघतो, मग वैतागतो. "आलास, ऐकलास, ब्रेक लावलास. मग 'चुकलं' म्हनायला काय लवंग आडवी येती?"

माफी अजून मागितलेली नाही चन्नवीरनं.