मिशीवाल्या तीन रात्री

बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं टेकून आपण चक्क झोपलो होतो, हे लक्षात आल्यावर ती पहिल्यांदा त्याच्यावरच भडकली.

“उठवायचं नाही का माणसाला?”

“उठवणारच होतो,” मनगटावरच्या घड्याळावरून नजर न काढता तो म्हणाला. “पण तेवढ्यात तुमचा श्वास थांबला. म्हटलं, कधी सुरू होतोय बघू… बावीस सेकंद.”

“तुम्ही माझा श्वास मोजत होतात?”

“तिसाव्या सेकंदाला हलवणार होतो. शप्पथ.”

त्याच्या शर्टाच्या खांद्यावर बटणाएवढा ओला डाग पडला होता. तो तिने पाहिला. आपण तो पाहिलेलाच नाही असं त्याने दाखवलं, आणि त्या दाखवण्याचाही तिला राग आला.

झोपेच्या दवाखान्याच्या त्या अरुंद व्हरांड्यात तशी रागाच्या कारणांची कमी नव्हती. भिंतीवरच्या चित्रातला घोरणारा माणूस साठीचा आणि ढेरपोट्या होता. वजन घेणाऱ्या बाईंनी काट्याकडे दोनदा पाहून म्हटलं होतं, “एवढीशी तर आहेस! तुला कसला आलाय हा आजार?” जणू आजार म्हणजे मापाने शिवलेला कपडा, आणि तिने तो दुसऱ्याच्या दोरीवरून पळवला होता.

ती एकोणतीस वर्षांची होती, सडपातळ होती, आणि पासष्ट मीटर उंचीवरच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून टनावारी लोखंड इकडचं तिकडे करायची. महिन्यापूर्वी एका दुपारी तिथे तिचे डोळे मिटले. चार सेकंद. आकड्याला टांगलेला सळयांचा भारा हातभर सरकलेला दिसला, त्यावरून तिचं तिलाच कळलं. खाली कुणालाही पत्ता नव्हता. तरी तिने उतरून साहेबांना सांगितलं, आणि खरं बोलल्याचं बक्षीस म्हणून साहेबांनी तिला फाटकावर गाड्यांचे पास लिहायला बसवलं.

“जबडा लहान आहे, घसा अरुंद,” आत बोलावल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “झोपेत तासाला चौतीस वेळा श्वास अडतोय. झोप पुरी कशी होणार? हवा देणारं मशीन लावून झोपायचं. तीस रात्रींपैकी एकवीस रात्री, किमान चार-चार तास. तेवढा अहवाल आला, की क्रेनवर चढायला मी सही देते. आणि हे आमचे तंत्रज्ञ, मशीनचं सगळं हेच बघतात.”

निळी बॅग घेऊन दारात उभा होता तो खांदाच.

“सगळं म्हणजे काय काय?” तिने विचारलं.

“तुम्ही किती तास झोपलात, कितीदा श्वास अडला, मास्कमधून हवा कुठे गळली… मशीन रोज सकाळी पाठवतं.”

“म्हणजे मी झोपणार, आणि हे बघणार?”

“तुम्हाला नाही!” तो घाईने म्हणाला. “रेषा. मी फक्त रेषा बघतो.” त्याचे कान मात्र लाल झाले होते.

तिने त्याचं नाव ‘हवावाला’ ठेवलं आणि त्याच नावाने त्याचा नंबर फोनमध्ये घातला.

हवावाल्याचा फोन रोज सकाळी सव्वाआठला यायचा.

“काल एक तास चाळीस मिनिटं.”

“मला माहीत आहे. मी तिथेच होते.”

“काय झालं?”

“काय झालं म्हणजे? तोंडावर रबर, डोक्याला पट्टे, नाकात वारा! श्वास सोडायला गेले की ते आत ढकलतं. तुम्ही कधी भिंतीशी भांडून झोपला आहात?”

“नाही. पण आता रोज सकाळी सव्वाआठला भिंतीची बाजू मला कळायला लागली आहे.”

तिने फोन ठेवून दिला. आणि हसू आल्याबद्दल स्वतःवर चिडली.

घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. जाड मिशी, कानामागे पेन्सिल. त्यांनी दिनदर्शिकेवर हिशेब सुरू केला होता: चार तास भरले की बरोबरची खूण, नाही भरले की फुली. फुल्याच फुल्या. त्यात एकदा आत्या आली आणि मशीन बघून हळूच म्हणाली, “लग्न ठरेपर्यंत कुणाकडे बोलू नकोस हो. नाकाला नळी लावलेली बायको कुणाला हवी?”

“का? घोरणारे नवरे बरे चालतात सगळ्यांना!”

दहाव्या दिवशी दोनच खुणा होत्या. ती तडक दवाखान्यात गेली आणि निळी बॅग त्याच्या टेबलावर आपटली.

“घेऊन जा हे. मी खोटं बोलले असते तर आज वर असते. चार सेकंदांसाठी दीड महिना फाटकावर बसायचं, वर ह्याचा छळ!”

त्याने बॅग उचलली नाही. ड्रॉवरमधून पुठ्ठ्याचं एक माप काढलं आणि विचारलं, “नाक मोजू?”

“काय?”

“पहिल्या दिवशीच मोजायला हवं होतं. तुम्ही एवढ्या रागात होतात, की मी अंदाजाने मधल्या मापाचा मास्क दिला. चूक माझी आहे.”

भांडायला आलेल्या माणसासमोर कुणी असं सरळ चूक कबूल केली, की हातातलं भांडण ठेवायचं कुठे? ती खुर्चीत बसली. त्याने माप धरलं, लहान मास्क काढला, डोक्यामागचा पट्टा सैल केला. पट्ट्यात अडकलेला केस त्याने इतक्या हलक्या हाताने सोडवला, की तिला कळलंच नाही. म्हणजे कळलं. पण तिने तसं दाखवलं नाही.

“वर कसं असतं हो?” मान खाली घालून त्याने विचारलं. “मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतसुद्धा भिंत धरून उभा राहतो.”

“वर?” तिचा आवाजच बदलला. “वर वारा असतो. तो मापकावर बघायचा, ठरावीक वेगापुढे गेला की काम बंद. आणि संध्याकाळी उतरताना क्रेनच्या लांब हाताचा ब्रेक मोकळा सोडायचा.”

“मोकळा? मग तो फिरत नाही?”

“फिरायलाच हवा. वारा येईल तसा तो वळतो. ब्रेक लावून ठेवला तर वारा सगळी ताकद क्रेनवर काढतो, उलथेलसुद्धा. वाऱ्याशी ताठ राहायचं नसतं.”

तो तिच्याकडे बघत राहिला.

“काय झालं?”

“काही नाही… मग रात्री तुम्हीसुद्धा ब्रेक सोडून बघा ना. श्वास सोडताना ढकलू नका. येईल तसा जाऊ द्या.”

तिला त्याला काहीतरी सणसणीत बोलायचं होतं, पण तिच्याच कामाचं वाक्य चोरून तिलाच परत दिलं होतं त्याने.

त्या रात्री साडेपाच तास झाले. दुसऱ्या रात्री सहा. फाटकावर दुपारी तीन वाजता मान डुलायची ती थांबली. सकाळचा फोन दोन मिनिटांवरून दहावर गेला, मग वीसवर.

“काल मधेच मास्क काढलात. साधारण पाच वाजता.”

“पाणी प्यायले. तेही विचारून प्यायचं का?”

“नाही. पण परत लावलात, ते बघून बरं वाटलं.”

“तुम्हाला का बरं वाटायचं?”

“…अहवाल चांगला जाईल.”

“फक्त अहवाल?”

“तुमचा चहा उकळतोय,” तो म्हणायचा आणि फोन ठेवायचा. चहा खरंच उकळत असायचा, आणि एवढं ऐकू येत असल्याचा तिला अजिबात राग यायचा नाही.

चोविसाव्या सकाळी पंधरा खुणा झाल्या. सहा रात्री उरल्या होत्या, आणि सहाच्या सहा हव्या होत्या. नेमकं तेव्हाच मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. सोबतीला दुसरं कुणीच नव्हतं. तीन रात्री ती हॉस्पिटलच्या लोखंडी खुर्चीत बसून राहिली. मशीन घरीच होतं. मावशीवर रागावता येत नव्हतं, म्हणून ती खुर्चीवर रागावली. हवावाल्याला कळवायलाही तिचा धीर झाला नाही; महिना संपेपर्यंत सव्वाआठचा फोनही तिने उचलला नाही. रिकाम्या रेषा त्याला दिसतीलच. शेवटच्या तीन रात्री ती घरी नीट झोपली. पण गणित साधं होतं. अठरा.

एकतिसाव्या दिवशी त्याने बोलावून घेतलं. चेहरा पडलेला. पडद्यावर मोठा आकडा होता… एकवीस.

“शक्य नाही,” ती म्हणाली.

“मलाही तसंच वाटलं.” तो चाचरत बोलू लागला. “तुम्ही मिनिटाला तेरा श्वास घेता. या तीन रात्री अठरा आहेत. तुम्हाला हवेचा नऊचा दाब पुरतो, इथे मशीन तेरापर्यंत चढलं. आणि मास्क वरच्या ओठापाशी सतत गळतोय. तसं साधारणपणे… मिशी असली की होतं.”

“मला मिशी आहे असं म्हणायचंय तुम्हाला?”

“नाही! म्हणजे, तुमच्या पलंगावर… मला विचारायचा काही हक्क नाही. पण कुणीतरी मिशीवाला…”

“काय बोलताय? मी तीन रात्री मावशीच्या उशाशी बसले होते! त्या मास्कमध्ये कोण…” आणि ती एकदम थांबली. कानामागची पेन्सिल तिला डोळ्यांसमोर दिसली. “बाबा!”

त्याने इतका मोठा निःश्वास सोडला, की टेबलावरचा कागद हलला. “बाबा,” तो म्हणाला. “बाबा. छान. म्हणजे, छान नाही. त्यांचाही श्वास अडतोय. त्यांना दाखवायला हवं.”

मग दोघंही पडद्याकडे बघत बसली. एकवीस.

“डॉक्टर फक्त आकडा बघतात,” तो हळू म्हणाला. “खाली सही माझी असते. म्हणून आधी तुम्हाला विचारतोय.”

पासष्ट मीटरवरची ती काचेची खोली एका सहीवर होती. उद्याच. तिने डोळे मिटले, चारपर्यंत मोजलं आणि उघडले.

“विचारता काय? काढून टाका त्या तीन रात्री. आणि पुन्हा असलं विचारू नका मला.”

“तुम्ही हेच म्हणाल, असं वाटलंच होतं.”

“मग विचारलंत कशाला?”

“ऐकायचं होतं,” तो म्हणाला.

घरी बाबांनी आधी कानांवर हात ठेवले. “मी? मी कशाला लावू?” मग मिशी चावत म्हणाले, “मला काय माहीत, ते श्वाससुद्धा लिहून घेतं! मला वाटलं नुसते तास मोजत असेल. सहात तीन कमी पडत होते गं… तू रोज खिडकीतून त्या क्रेनकडे बघत बसतेस.”

ती खूप ओरडली. मग त्यांच्या शेजारी बसून थोडी रडली. मग पुन्हा ओरडली, कारण “झोप मात्र झकास लागली” असं ते म्हणाले.

डॉक्टरांनी नव्याने तीस रात्री दिल्या. त्यातल्या अठ्ठावीस भरल्या. सही मिळाली, आणि एका स्वच्छ सकाळी ती शिडी चढून केबिनमध्ये बसली. सव्वाआठला फोन वाजला. पलीकडे एक बाई होती.

“नमस्कार, आजपासून तुमची फाईल माझ्याकडे आली आहे. काल सात तास दहा मिनिटं, छान!”

दिवसभर तिने लोखंड असं काही हलवलं, की खालून इशारे देणाऱ्याने वॉकीटॉकीवर विचारलं, “ताई, कुणाशी भांडलात का?”

“भांडायला माणूस जागेवर नको का!”

दोन दिवसांनी ती बाबांचं मशीन घ्यायला त्यांच्यासोबत दवाखान्यात गेली. बाबा आत गेले. व्हरांड्यातल्या बाकावर तो बसला होता, त्याच जागी.

“फाईल दिलीत दुसऱ्याला?” ती समोर उभी राहून म्हणाली. “दोन महिने श्वास न् श्वास मोजलात, आणि मग सही करून मोकळे! मी काय पार्सल आहे?”

“ऐकून तरी घ्या.”

“काय ऐकायचं?”

“पेशंटचा एखादा श्वास चुकला, तर तंत्रज्ञाने नोंद करायची असते.” तो खाली बघत बोलत होता. “तुमचा चुकला, की माझाच थांबायला लागला. असल्या माणसाने फाईल ठेवू नये. डॉक्टरांना तसंच सांगितलं मी.”

“डॉक्टरांना सांगितलंत? माझ्याआधी?”

“सही झाल्यावर सांगितलं. तोवर तुम्हाला कसं सांगणार? तुमची क्रेन माझ्या हातात होती. तुम्हाला नाही म्हणायचं असतं, तरी म्हणता आलं नसतं.”

यावर तिच्याकडे राग उरला नाही. तिने शोधला, पण सापडला नाही. ती त्याच्या शेजारी बसली.

“मी चिडकी आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“रोज नाकाला नळी लावून झोपते.”

“लहान मापाची. माहीत आहे.”

“आणि तुला एकदा वर यावं लागेल. भिंत नसते तिथे.”

तो पांढराफटक पडला. “तुझा हात धरला तर चालेल?”

पूर्ण जागी असताना, सावकाश, तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. आत बाबा कुणाला तरी ठणकावून सांगत होते, की मिशी काढणार नाही म्हणजे नाही, माप बदला.

“खबरदार घड्याळाकडे बघितलंस तर,” ती म्हणाली.

त्याने ते मनगटावरून काढलं आणि खिशात टाकलं.