सातवी पायरी

सकाळी साडेनऊला संपादकांनी चाळणीला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायलाही सांगितलं नाही. काहीतरी चांगलंच बिघडलंय हे तिनं तिथंच ओळखलं.

"लहान मुलांच्या रुग्णालयातून फोन होता," संपादक म्हणाले. "चौदा महिन्यांच्या नोंदी गेल्या. कोणत्या मुलाला कोणतं औषध, किती, कधीपासून, सगळं साफ. डॉक्टर आता एकेका आईला विचारत बसलेत, गोळी पांढरी होती की पिवळी?"

"फार वाईट झालं. पण आपला काय संबंध?"

संपादकांनी ऑगस्टचा अंक तिच्यापुढं आपटला. पान उघडलेलंच होतं.

हे मासिक कचेऱ्यांमधले संगणक सांभाळणाऱ्या लोकांसाठी निघायचं. एकाच सर्व्हरच्या पोटात दहा आभासी संगणक कसे चालवायचे, शंभर टेबलांवरचे डेस्कटॉप एका खोलीतून कसे पुरवायचे, असल्या विषयांवर त्यात पायरी-पायरीनं लेख असत. सर्व्हरचं सदर एकोणीस वर्षं गुरुजी लिहीत. ते शाळेत कधी शिकवायला गेले नव्हते, पण वाचकाला असे झापायचे की नाव पडलंच. चाळणीचं काम तपासणीचं. लेखातली प्रत्येक पायरी ती स्वतः करून बघायची आणि जमली की समासात बरोबरची खूण करायची. तिच्या हातून काही निसटत नाही म्हणून ऑफिसनं तिला हे नाव ठेवलं होतं. चाळणीला भोकंच असतात, हे त्या शहाण्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं सातवी पायरी वाचली.

'मध्येच काही बिघडलं, तर घाबरू नका. सरळ स्नॅपशॉटवर परत जा. सगळं पहिल्यासारखं होईल.'

स्नॅपशॉट म्हणजे आभासी संगणकाचा त्या क्षणाचा फोटो. त्यावर परत गेलं की संगणक तसाच्या तसा होतो खरा, पण फोटोनंतर त्यात जे जे भरलं ते सगळं पुसलं जातं. रुग्णालयाचा स्नॅपशॉट चौदा महिन्यांपूर्वीचा होता.

"त्यांनी बॅकअप घेतला नव्हता?"

"स्नॅपशॉट होता ना, म्हणून नाही घेतला म्हणे."

"गुरुजी हे असं लिहिणार नाहीत. चालत्या सर्व्हरवर मागे जाऊ नका, हा इशारा ते दर लेखात देतात."

"देतातच. तो कात्रीनं कापला असणार. जागा कमी होती, लेख त्याच्या हातात होता. पाच वाजता खुलासा प्रसिद्ध करतोय, त्याच्या नावानिशी. उद्यापासून त्यानं यायचं नाही, आणि या धंद्यात त्याला पुन्हा कोणी उभं करणार नाही."

कात्री म्हणजे उपसंपादक. तो आपल्या टेबलाशी बसला होता आणि खण आवरायला लागला होता.

"किती ओळी कापल्यास?" चाळणीनं विचारलं.

"अकरा."

"कुठल्या?"

"सुरुवातीच्या. तेच ते दोनदा आलं होतं."

"मूळ फाइल दाखव."

"तिच्यावरच काम केलं, ताई. वेगळी प्रत नाही ठेवली."

"आणि मेल?"

"मेलपेटी महिन्याला आपोआप साफ होते."

"बॅकअप घ्या, बॅकअप घ्या म्हणून दर महिन्याला लोकांना ओरडतोस, आणि स्वतःच्या घरी ही तऱ्हा!"

कात्री हसला नाही. "ताई, आईशप्पथ सांगतो, इशारा मुळातच नव्हता."

"मग गुरुजींना का नाही विचारलंस?"

"फोनवर ते येतच नाहीत. आणि सातव्या पायरीपुढं तुमची खूण होती ना."

चाळणीनं अंक मिटला.

तिनं गुरुजींच्या घरी फोन लावला. त्यांच्या पत्नीनं उचलला.

"वहिनी, गुरुजींशी दोन मिनिटं बोलायचं होतं."

"अंघोळीला गेलेत."

"अकरा वाजता?"

"आज उशीर झाला. तुम्ही मेल करा ना, ताई. हल्ली ते मेललाच उत्तर देतात."

हे खरं होतं. मेलला उत्तर तासाभरात यायचं. पण गुरुजींचा आवाज शेवटचा कधी ऐकला, हे चाळणीला काही केल्या आठवेना.

तिनं अंकांचा गठ्ठा ओढला आणि भिंग घेतलं. लेखासोबत गुरुजींच्या चाचणीच्या संगणकाच्या पडद्याची चित्रं छापलेली असत, आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात घड्याळ. ऑगस्ट: नऊ मार्च, चार वाजून बारा मिनिटं. जुलै: नऊ मार्च, चार अठरा. ऑक्टोबरचा ताजा अंक: नऊ मार्च, चार दहा. एप्रिलपासूनच्या बाकीच्या अंकांतही तीच तारीख. मग तिनं गेल्या वर्षीचे अंक काढले. तिथं दर महिन्याला तारीख वेगळी होती.

सात लेख आणि एकच दुपार. तिनं भिंग खाली ठेवलं.

"गाडी काढ," ती कात्रीला म्हणाली. "गुरुजींकडे जायचंय. घरच्या संगणकावर मूळ लेख असेल."

गुरुजींचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर होतं; पोचेपर्यंत तीन वाजत आले. वहिनींनी दार उघडलं आणि दोघांना बघून त्यांचा चेहरा पडला, पण 'या' म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. साखर. पेले. गॅसला हात लावायचा नाही. अक्षर टपोरं, कुणालाही लांबून वाचता येईल असं. न्हाणीघराच्या दारावर बाण काढला होता.

गुरुजी खिडकीपाशी बसले होते. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन.

"या, या! तब्येत कशी आहे?" ते चाळणीला म्हणाले. मग कात्रीला तेच विचारलं. कात्री 'बरी आहे' म्हणाला, तेवढ्यात त्यांनी पुन्हा विचारलं.

कात्रीची खुर्ची करकरली, तसे गुरुजी दचकले आणि उठायला लागले.

"घाबरू नका," वहिनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "आपलीच माणसं आहेत."

चाळणीनं हातातला अंक स्टुलावर ठेवला. इथं यायलाच नको होतं, असं तिला मनापासून वाटलं. पण पाच वाजायला दोनच तास उरले होते.

"वहिनी, लेख कोण टाइप करतं?"

"मीच. लग्न झाल्यापासून. हे येरझाऱ्या घालत सांगायचे, मी टाइप करायची."

"आणि मार्चनंतर कोण सांगतं?"

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मग मी सांगते, चुकलं तर थांबवा," चाळणी म्हणाली. "गुरुजी प्रत्येक लेखाआधी चाचणीचा आभासी संगणक नवा करत आणि त्याचा नवा स्नॅपशॉट घेत. म्हणून पूर्वीच्या चित्रांत दर महिन्याला तारीख वेगळी आहे. संगणक मागे नेला की त्याचं घड्याळही मागे जातं. बाहेरची वेळ आत येऊ नये म्हणून ती जुळणी ते मुद्दाम बंद ठेवत. एप्रिलपासूनच्या सातही लेखांत घड्याळ नऊ मार्चच्या दुपारचंच आहे. म्हणजे त्या दिवसानंतर नवा स्नॅपशॉट कोणी घेतलाच नाही. तो कसा घ्यायचा हे गुरुजी विसरले. पण मागे नेणारं कोणीतरी दर महिन्याला त्या संगणकापाशी बसत होतं. त्या माणसाला एवढी एकच कळ ठाऊक होती."

"ताई—" कात्री म्हणाला.

"थांब. तू काही कापलं नाहीस. वहिनींनी गुरुजींचे जुने लेख जोडून नवे केले. भाषा तीच, कुणाला संशय आला नाही. पण ऑगस्टच्या लेखात दोन तुकड्यांमध्ये फट राहिली, आणि सातवी पायरी त्यांना स्वतः लिहावी लागली. गुरुजींनी एकोणीस वर्षांत वाचकाला 'घाबरू नका' कधी म्हटलं नाही. वाचकाला घाबरवूनच ते शिकवायचे. घाबरू नका हे या घरात कोण म्हणतं, ते आत्ताच ऐकलंस."

वहिनी भिंतीला टेकल्या.

"मी दर वेळी तेच करायची हो," त्या म्हणाल्या. "काहीतरी दाबायची, सगळं अडकायचं. मग मागे न्यायची, की पहिल्यासारखं. कधी काही गेलं नाही माझं."

"कारण चाचणीच्या संगणकात जायला काही नसतंच, वहिनी. रुग्णालयाच्या होतं," चाळणी म्हणाली. "आणि मीही तेच केलं. माझ्याकडच्या रिकाम्या संगणकावर पायरी करून बघितली, जमली, खूण केली. तुम्ही निदान अजाणतेपणी केलं. मला स्नॅपशॉट म्हणजे काय ते माहीत होतं. पायरी चालते का एवढंच मी बघितलं, कुणावर चालेल ते नाही बघितलं."

"बंद का नाही केलंत, वहिनी?" कात्रीनं हळूच विचारलं. "आजारी आहेत म्हणून कळवलं असतंत, तर कुणी काही म्हटलं नसतं."

"अंक आला की हे स्वतःचं नाव वाचतात. मग ती संध्याकाळ मला ओळखतात. जेवलीस का म्हणून विचारतात." त्यांनी डोळे पुसले. "महिन्यातून एक संध्याकाळ. तेवढीच उरली होती मला."

वहिनींनी स्वतःच संगणक चालू केला आणि मूळ लेख दाखवला. इशारा नव्हता. चाळणीनं तिथूनच संपादकांना फोन लावून सगळं सांगितलं. स्वतःची खूणही लपवली नाही.

संपादक म्हणाले, खुलाशातून कात्रीचं नाव काढतो. सदर आजपासून बंद. एकोणीस वर्षांतले सगळे लेख संकेतस्थळावरून उतरवतो. कोणता कोणाचा याचा भरवसा कुणी द्यायचा? आणि चाळणीनं सोमवारी भेटावं, येताना ऑफिसच्या कपाटाची किल्ली परत आणावी.

"रुग्णालयाचं काय?" तिनं विचारलं.

"काय होणार? गेलं ते गेलं."

तिनं फोन ठेवला. कात्री तिच्याकडे बघत होता. आपण सुटलो याची त्याला लाज वाटत होती.

"ताई, माझ्यामुळं—"

"तुझ्यामुळं काही नाही झालं. गप्प बस."

एवढ्यात कागदाची सळसळ झाली. गुरुजींनी स्टुलावरचा अंक उचलला होता. त्यांचं बोट ओळींवरून सरकत होतं. पाचवी पायरी. सहावी. सातवीवर ते थांबलं.

"हे कोणी लिहिलं?"

आवाज जुना होता.

"चालत्या सर्व्हरवर मागे जा म्हणतोय हा! मधल्या कामाचं काय? गाढवा, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे! कितीदा लिहायचं मी?" त्यांनी खिशातलं पेन काढून सातव्या पायरीवर काट मारली, कागद फाटेपर्यंत. "आणि हे तपासलं कोणी? तपासणारी माणसं झोपली होती का?"

चाळणी मान खाली घालून उभी राहिली.

"माझ्या सदरात हे खपवून घेणार नाही. कोण असेल त्याला काढून टाका."

"काढलं," वहिनी म्हणाल्या.

"उत्तम." त्यांनी पेन खिशाला लावलं आणि पान नीट करून सदराच्या डोक्यावरचं नाव वाचलं, एकदा, मग पुन्हा. कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं.

"अगं, उभी का? जेवलीस का तू?"

"जेवले हो."

"पुढचा अंक कधी येतोय?"

वहिनींनी चाळणीकडे बघितलं. चाळणी खिडकीबाहेर बघत राहिली.

"येईल हं," वहिनी म्हणाल्या. "घाबरू नका."